खोटं ठरण्याचा अधिकार

१९३६ साली इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञानाचं एक छोटं पुस्तक प्रसिद्ध झालं. लेखक ए. जे. एअर, वय २५. काही महिने व्हिएन्नात राहून, तिथले तत्त्वज्ञ मोरिट्झ श्लिक यांच्या मंडळाच्या बैठकांना बसून हा तरुण परतला होता, आणि तिथे ऐकलेलं त्याने धारदार इंग्रजीत मांडलं. म्हणणं थोडक्यात असं : जे वाक्य केवळ शब्दांच्या अर्थामुळे खरं ठरत नाही आणि ज्याची अनुभवाने पडताळणीही करता येत नाही, त्याला अर्थच नाही. 'देव आहे' हे असंच एक वाक्य. ते खोटं आहे असं एअर म्हणाले नाहीत. खोटं ठरायलाही वाक्याला आधी अर्थ असावा लागतो. त्यामुळे 'देव नाही' म्हणणारा नास्तिकही त्यांच्या लेखी तितकंच निरर्थक बोलत होता, आणि 'मला ठाऊक नाही' म्हणणारा अज्ञेयवादीही.

देवावर याहून मोठा घाव कोणी घातला असेल असं मला वाटत नाही. चार्वाकाने देव नाकारला, पण नाकारण्यासाठी त्याला वादात उभं केलं. एअरनी त्याला वादाच्या जागेत पाऊलही टाकू दिलं नाही.

पुढच्या आठ दशकांत पश्चिमेतल्या विश्लेषक तत्त्वज्ञानात, म्हणजे भाषेची आणि तर्काची काटेकोर छाननी करणाऱ्या परंपरेत, ईश्वराविषयी जे लिहिलं गेलं, ते मी एकाच गोष्टीचा इतिहास म्हणून वाचतो : 'देव आहे' या वाक्याने खरं किंवा खोटं ठरण्याचा आपला अधिकार परत कसा मिळवला. माझं म्हणणं असं, की तो अधिकार मिळाला, आणि मिळाल्यावर श्रद्धावंतांनीच तो पुन्हा पुन्हा हातचा सोडला. तिकडे सोडला आणि आपल्याकडेही. 'हा श्रद्धेचा विषय आहे, यात वाद नको' हे वाक्य आपण आदराचं समजतो. मला ते देवावर अन्याय करणारं वाक्य वाटतं.

एअर यांचं तत्त्व फार टिकलं नाही. पडताळणीचं हे तत्त्व स्वतःच्याच कसोटीला उतरत नव्हतं. ते ना शब्दार्थाने खरं होतं, ना अनुभवाने पडताळता येणारं. १९४६ च्या आवृत्तीत एअरनी ते सुधारून मांडलं, तर १९४९ मध्ये अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाने एका लहानशा परीक्षणात दाखवून दिलं, की सुधारलेल्या चाळणीतून वाटेल ते वाक्य अर्थपूर्ण ठरून पार होतं. उतारवयात दूरदर्शनवरच्या एका मुलाखतीत खुद्द एअरनीच त्या काळच्या आपल्या विचारांविषयी सांगून टाकलं, की त्यातलं जवळजवळ सगळंच चुकीचं होतं. आपली भूमिका चुकू शकते हे असं उघडपणे मान्य करणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो.

मधल्या काळात प्रश्न मात्र बदलला, आणि तो बदलणारे होते नास्तिक तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यू. ऑक्सफर्डमध्ये सोक्रॅटिक क्लब नावाचं एक मंडळ होतं. आस्तिक आणि नास्तिक यांनी समोरासमोर बसून वाद घालावा यासाठीच ते निघालं होतं, आणि त्याचे अध्यक्ष होते श्रद्धावान ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस. तिथे फ्ल्यूंनी वाचलेला निबंध जेमतेम काही पानांचा आहे. दोन प्रवासी जंगलातून जाताना एका मोकळ्या जागेत येतात. तिथे फुलं आहेत आणि तणही माजलंय. एक म्हणतो, इथे कोणी माळी येत असणार. दुसरा म्हणतो, छे. दोघं पहारा करतात. कोणी दिसत नाही. मग काटेरी तारेचं कुंपण घालतात, तारेत वीज सोडतात, वास काढणारे कुत्रे फिरवतात. तार हलत नाही, किंकाळी येत नाही, कुत्रे भुंकत नाहीत. पहिला तरीही म्हणतो : माळी आहेच, पण तो दिसत नाही, त्याला हात लागत नाही, विजेचा झटका बसत नाही, त्याला गंध नाही. शेवटी दुसरा विचारतो, मग तुझा हा माळी आणि मुळात नसलेला माळी यांत फरक काय उरला?

गोष्टीचं मूळ जॉन विस्डम यांच्या १९४४ च्या एका निबंधात आहे. फ्ल्यूंनी तिला धार लावली. पण निबंधाचं खरं काळीज पुढे आहे. घशाच्या कॅन्सरने एक मूल मरतंय. त्याचा बाप वेड्यासारखा धावाधाव करतोय, आणि आकाशातला बाप काहीच करताना दिसत नाही. मग कोणी म्हणतं, देवाचं प्रेम माणसाच्या प्रेमासारखं नसतं. अशी एकेक दुरुस्ती करत गेल्यावर, फ्ल्यू म्हणतात, मूळचं ठसठशीत विधान हजार दुरुस्त्यांनी मरतं. म्हणून त्यांचा श्रद्धावंतांना प्रश्न होता : काय घडलं असतं, किंवा काय घडलं, तर तुम्ही म्हणाल की देवाचं आपल्यावर प्रेम नाही?

हा प्रश्न एअर यांच्या निवाड्यापेक्षा कितीतरी अधिक न्यायाचा आहे. तो श्रद्धावंताला बोलू देतो, फक्त बोललेल्याची जबाबदारी घे म्हणतो.

त्याला दोन प्रसिद्ध उत्तरं आली. आर. एम. हेअर म्हणाले की धार्मिक विश्वास हे मुळात विधानच नव्हे. तो जगाकडे पाहण्याचा एक कल आहे, त्याला खरं-खोटं लागू होत नाही. हे ऐकायला समंजस वाटतं, पण त्यात सगळं हरवतं. माझी आजी आषाढीला पंढरपूरला जाताना जगाकडे पाहण्याचा एक कल घेऊन जात नव्हती. विटेवर कोणीतरी उभा आहे आणि आपण आल्याचं त्याला कळतं, असं तिचं म्हणणं होतं. तिचं म्हणणं चुकीचं असू शकेल. पण 'आजी, तू काही म्हणतच नव्हतीस' असं तिला सांगणं हा तिचा अपमान झाला असता.

दुसरं उत्तर बेझिल मिचेल यांचं. शत्रूने व्यापलेल्या देशातला एक लढवय्या एका रात्री एका अनोळखी माणसाला भेटतो. तो माणूस सांगतो, मी तुमच्याच बाजूचा आहे, सगळी सूत्रं माझ्या हाती आहेत, काहीही घडलं तरी माझ्यावर भरवसा ठेव. त्यानंतर तसं बोलणं पुन्हा कधी होत नाही. कधी तो आपल्या माणसांना मदत करताना दिसतो. कधी शत्रूच्या पोलिसी वेषात आपल्याच माणसांना पकडून देताना. लढवय्या म्हणत राहतो, 'तो आपलाच आहे.' पण, आणि मिचेल यांच्या उत्तराचं सगळं मोल या 'पण'मध्ये आहे, पोलिसी वेषातलं ते दृश्य आपल्या विश्वासाच्या विरुद्ध जातं हे तो नाकारत नाही. ते त्याला टोचतं. टोचत नसेल, तर त्याचा भरवसा हा भरवसा नसून बेफिकिरी आहे.

फ्ल्यू आणि अलास्डेर मॅकिन्टायर यांनी १९५५ मध्ये संपादित केलेल्या संग्रहात हे तिन्ही निबंध एकत्र आले. त्याच वर्षी जे. एल. मॅकी यांनी दुरिताचा प्रश्न अगदी उघड्या तर्काच्या रूपात मांडला. ('अनिष्टाची समस्या' असाही शब्द रूढ आहे, पण पसायदान ऐकत वाढलेल्या माणसाला 'दुरित' जास्त जवळचं.) देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण भला आहे, तरी दुरित आहे. मॅकींच्या मते ही तीन विधानं एका वेळी खरी असूच शकत नाहीत. इच्छास्वातंत्र्याचा बचाव त्यांना ठाऊक होता, आणि त्यावर त्यांचा प्रतिप्रश्न बिनतोड वाटे : माणूस एका वेळी स्वतःहून चांगलं निवडू शकतो, तर दर वेळी स्वतःहून चांगलंच निवडणारी माणसं सर्वशक्तिमान देवाने का घडवली नाहीत?

याला उत्तर दिलं अमेरिकेतल्या आल्विन प्लँटिंगा यांनी, १९७४ मध्ये, संभाव्य जगांच्या तर्कशास्त्राची, म्हणजे जग याहून वेगळं कसं असू शकलं असतं याचा हिशेब मांडणाऱ्या तर्काची, नवी हत्यारं वापरून. त्यांनी देव आहे असं सिद्ध केलं नाही, दुरित का आहे हेही सांगितलं नाही. त्यांनी फक्त एक शक्यता दाखवली. ज्या कोणा स्वतंत्र माणसाला देव निर्माण करील, तो कुठल्याही परिस्थितीत ठेवला तरी कुठेतरी स्वतःहून चुकेलच, असं असणं शक्य आहे. आणि स्वतंत्र माणसाने काय निवडावं हे देवच ठरवू लागला, तर ते स्वातंत्र्य राहत नाही. एवढी शक्यता मान्य केली, तर मॅकींचं 'असूच शकत नाही' कोसळतं. १९८२ मध्ये, निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, मॅकींनी बचावात त्रुटी दाखवल्या खऱ्या; पण दुरिताच्या प्रश्नाने ईश्वरवादाच्या मुख्य सिद्धान्तांत तार्किक विसंगती सिद्ध होत नाही, हे मान्य करता येईल असंही लिहिलं. कट्टर नास्तिकाने आस्तिकाला आणि काटेकोर आस्तिकाने नास्तिकाला इतक्या गांभीर्याने घेतल्याची उदाहरणं कुठल्याही काळात थोडीच.

एअर यांनी घेतलेला अधिकार इथे परत मिळाला, असं मी मानतो. त्याची किंमतही लगेच पुढे आली. १९७९ मध्ये विल्यम रो यांनी प्रश्न तर्काच्या पातळीवरून उचलून संभवाच्या पातळीवर ठेवला. दूर कुठल्या जंगलात वीज पडते, वणवा पेटतो. हरणाचं एक पाडस त्यात भयंकर भाजतं आणि काही दिवस तडफडून मरतं. कोणी पाहिलं नाही, कोणी काही शिकलं नाही, कोणाचं इच्छास्वातंत्र्य त्यात गुंतलेलं नाही. या वेदनेतून कुठलं मोठं भलं साधलं? रो म्हणाले, आपल्याला काहीही दिसत नाही. तेव्हा काही नसण्याचीच शक्यता जास्त.

यावर जे उत्तर गाजलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत निराशाजनक वाटतं. १९८४ मध्ये स्टीफन वाइक्स्ट्रा यांनी लिहिलं, की अनंत ज्ञानी देवाची कारणं आपल्याला दिसावीत अशी अपेक्षाच कशी करायची? तान्ह्या बाळाला आईबापांची कारणं कळतात का? कारण दिसत नाही म्हणजे ते नाही, असं म्हणता येत नाही. तर्क म्हणून यात खोट काढणं सोपं नाही. पण पाहा काय घडलं. भाजलेलं पाडस विरुद्ध जात नाही, कॅन्सरने मरणारं मूल विरुद्ध जात नाही, लाखो माणसांचा संहारही विरुद्ध जात नाही, कारण आपल्याला काही कळतच नाही. कुंपणाची तार हलली नाही तरी माळी आहेच. फ्ल्यूंनी ज्या जागेवरून हटवलं होतं, तिथे श्रद्धावंत स्वतःच्या पायांनी परत आले. आणि देवाच्या हेतूंविषयी आपल्याला इतकं अज्ञान असेल, तर 'देव भला आहे' हे तरी आपण कुठल्या ज्ञानावर म्हणतो?

प्लँटिंगांनी पुढे मांडलेल्या 'पायाभूत विश्वासा'च्या कल्पनेविषयीही माझी हीच अडचण आहे. समोरच्या माणसाला मन आहे, काल मी जेवलो होतो, यांवर आपण पुरावा न मागता विश्वास ठेवतो. तसाच देवावरचा विश्वासही पुराव्याविना सयुक्तिक असू शकतो, असं ते म्हणतात. पुराव्याशिवाय काही मानूच नये, हा नियम स्वतःच पुराव्याशिवाय मानलेला आहे, हे त्यांनी अचूक दाखवलं. या विश्वासाविरुद्ध सबळ कारण आलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं, हेही ते मान्य करतात. पण सार्वजनिक जीवनात या कल्पनेचं काय होतं? प्रत्येक पंथ म्हणू लागतो की आमचा पाया आमच्यापाशी. मग आपसांत बोलायचं कशाच्या आधारावर?

या बाबतीत मला ऑक्सफर्डचे रिचर्ड स्विनबर्न अधिक जवळचे वाटतात, त्यांचे निष्कर्ष पटत नसले तरी. १९७९ च्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी देवाच्या अस्तित्वाचा विचार वैज्ञानिक एखाद्या गृहीतकाचा करतो तसा केला, संभाव्यतेच्या गणिताने. विश्व आहे, त्यात नियम आहेत, जाणीव आहे, धार्मिक अनुभव आहेत. हे सगळं एकत्र तोललं तर देव असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त, असा त्यांचा निष्कर्ष. जो तराजू घेऊन बसतो, तो पारडं उलटं झुकण्याचा धोका पत्करतो. मुलाच्या वेदनेमुळे इतरांना करुणेची, धैर्याची संधी मिळते, हे त्यांचं स्पष्टीकरण मात्र मला ऐकवत नाही.

२००९ मध्ये ऑलिव्हर क्रिस्प आणि मायकेल रे यांच्या निबंधसंग्रहाने या प्रवाहाला 'विश्लेषक ईश्वरमीमांसा' हे नाव रूढ करून दिलं. देव आहे का, इथून चर्चा पुढे सरकून त्रैक्य, अवतार, प्रायश्चित्त या ख्रिस्ती सिद्धान्तांच्या तपशिलात गेली. त्याच वर्षी व्यावसायिक तत्त्वज्ञांच्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ७३ टक्के नास्तिकतेकडे झुकलेले निघाले, पण धर्माच्या तत्त्वज्ञानातले जे तज्ज्ञ, त्यांच्यात जवळजवळ तेवढेच टक्के आस्तिक. आस्था असलेलाच हा विषय निवडतो, हे कारण उघड आहे. तरीही सोक्रॅटिक क्लबमधली ती समोरासमोरची बैठक मोडली, दोन्ही बाजू आपापल्या दालनात गेल्या, असंच हे आकडे वाचून मला वाटलं.

२००९ मध्येच आणखी एक पुस्तक आलं. परिमल पाटील यांचं, अकराव्या शतकातल्या रत्नकीर्ती या बौद्ध पंडिताने न्यायदर्शनाच्या, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाच्या, ईश्वराविरुद्ध केलेल्या युक्तिवादावर. विश्लेषक ईश्वरमीमांसा पश्चिमेत विसाव्या शतकात जन्मली, असं मानणाऱ्याने हा वाद पाहावा. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात ईश्वरसिद्धीसाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचं, मुख्य अनुमान सरळ आहे : पृथ्वी, अंकुर वगैरे कार्यं आहेत, कार्याला बुद्धिमान कर्ता असतो, घटाला कुंभार तसा, म्हणून यांनाही कर्ता आहे. विरोधकाचा आक्षेप असा : रानात आपोआप उगवलेल्या अंकुराला कर्ता कुठे दिसतो? आणि आम्ही पाहिलेला प्रत्येक कर्ता शरीरधारी. तुमचा ईश्वर अशरीरी. मग कुंभाराच्या दाखल्यावरून तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात कसे? रानातलं रोप आणि देह नसलेला माळी! फ्ल्यूंच्या नऊशे वर्षं आधी रत्नकीर्तीच्या विक्रमशिला विहारात हाच प्रश्न याहून सूक्ष्म परिभाषेत झडत होता. विशेष म्हणजे श्रद्धावंतही इथे एका पंक्तीला नव्हते. रामानुजांनी ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या श्रीभाष्यात नैयायिकांचं हे अनुमान खोडून काढलं : एवढ्या विविध कार्यांचा कर्ता एकच कशावरून, वेगवेगळ्या काळी वेगवेगळे कर्ते का नसतील? ईश्वर कळतो तो शास्त्रातूनच, ही त्यांची भूमिका. परमभक्ताने देवाच्या बाजूचा युक्तिवाद चुकीचा म्हणून फेटाळला, आणि त्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असं कुठे वाचनात नाही.

नैयायिकांचा ईश्वर शून्यातून जग घडवत नाही. परमाणू अनादी, जीव अनादी, त्यांची कर्मं अनादी. मॅकींची कोंडी या ईश्वराला जशीच्या तशी लागू होत नाही, कारण तो त्या अर्थाने सर्वशक्तिमान नाहीच. वेदान्तानेही दुरिताचा प्रश्न थेट घेतला आहे. कोणी सुखी, कोणी दुःखी, म्हणजे देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो का? ब्रह्मसूत्राचं उत्तर, नाही, कारण तो कर्माची अपेक्षा ठेवतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात : पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात उगवेल की जव हे बियाण्यावर ठरतं. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर प्लँटिंगांच्या बचावाइतकंच विचारात घेण्याजोगं आहे, आणि पश्चिमेतल्या चर्चेत त्याला अजून त्याची जागा मिळालेली नाही. बिमल कृष्ण मतिलाल १९७६ ते १९९१ ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते, न्यायदर्शन विश्लेषक तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडत होते, आणि यातली काही वर्षं स्विनबर्नही तिथेच होते. तरी ईश्वरावरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत उदयन आजही क्वचितच भेटतो.

पण केवळ आपलं म्हणून हे उत्तर मी पुढे करणार नाही. आमच्या शेजारी एका घरात सहा वर्षांचं मूल रक्ताच्या कॅन्सरने गेलं. दहाव्याला आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी, मनात काही वाईट नसताना, आईला म्हटलं, 'मागच्या जन्मीचं काही असतं गं.' ती माऊली बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'कोणाचं? त्याचं की माझं?' त्यावर बोलायला तिथे कोणाकडेच काही नव्हतं. विस्मृतीत गेलेल्या अपराधाची शिक्षा ही शिक्षा कशी, हा प्रश्न तिने एका ओळीत विचारला होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न जातीच्या रूपानेही विचारला गेला आहे, आणि तोही एकाच घरात. चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात आपल्या जन्माचं कारण पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेत शोधलं आहे. विटाळ हे पूर्वीचं फळ. कर्मसिद्धान्ताचं उत्तर, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच तोंडून. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र हे स्वीकारत नाही. तो विठ्ठलालाच जाब विचारतो : आम्हाला हीन जात दिलीस हे तुला कळत कसं नाही? जन्म उष्टं खाण्यात गेला, याची तुझ्या मनाला लाज नाही?

रो यांनी पाडसाविषयी विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न यांचा गाभा एकच आहे : 'तू भला आहेस' या विधानाविरुद्ध हे जातं. फरक असा, की रो देवाविषयी बोलतात आणि कर्ममेळा देवाशी बोलतो.

आज आपल्याकडे देवाविषयीचं बोलणं दोन जागी कोंडलं गेलंय. एका बाजूला कीर्तन-प्रवचन, जिथे प्रश्न विचारणं बसत नाही. दुसरीकडे विवेकवादी लेखन, जिथे देवाचा प्रश्न कधीच निकालात निघाला असं धरून चालतात. मधल्या जागेवर एकेकाळी माणसं होती. १८५७ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी जाहीर वाद करत, आणि माणसं ऐकायला गर्दी करत. गेल्या शतकात मे. पुं. रेगे आणि दि. य. देशपांडे यांनी विश्लेषक तत्त्वज्ञानाची शिस्त मराठीत रुजवली. देशपांड्यांनी 'आजचा सुधारक' या मासिकातून विवेकवाद याच काटेकोरपणे मांडला. ती भाषा तयार आहे. तिचा उपयोग करून कोणी श्रद्धावंत जेव्हा म्हणेल, 'माझं म्हणणं हे असं आहे, आणि अमुक गोष्ट त्याच्या विरुद्ध जाते हे मला दिसतं', तेव्हा नास्तिकालाही त्याच्याशी बोलावंसं वाटेल. भावना दुखावल्याची तक्रार नोंदवून तो अधिकार मिळत नाही. तसं करणारा देवाला पुन्हा त्याच आवाराबाहेर नेऊन सोडतो, जिथे १९३६ मध्ये त्याला सोडलं होतं.

मला असा एक वर्ग पाहायचा आहे, मराठीतून चालणारा, जिथे उदयन आणि रत्नकीर्ती, प्लँटिंगा आणि रो एकाच सत्रात वाचले जातील. कर्ममेळ्याचा तो अभंगही त्यांच्याबरोबरच. मिचेल यांच्या लढवय्याला जे टोचत होतं, तेच या पोराला टोचतंय. देवाची कारणं आपल्याला कळत नसतील म्हणून तो गप्प बसत नाही, आणि हा नुसता पाहण्याचा कल आहे असंही म्हणत नाही. लाज नाही का वाटत, असं तो ज्याला विचारतो, त्याला त्याच अभंगात श्रीपती म्हणून हाक मारतो.